विश्लेषण : ३५० सीसीच्या रेषेने क्रूझर मोटरसायकलींचे गणित कसे बदलले? कर ४० टक्के, तरी महामार्ग बंदच का?

वस्तू व सेवा करातील बदलानंतर ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकली स्वस्त झाल्या, त्यापुढच्या महागल्या. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधील अनेक हौशी ग्राहकांसमोर ‘साडेतीनशे घ्यायची की साडेसहाशे’ हा प्रश्न नव्याने उभा राहिला. या गाड्यांचे तांत्रिक आकडे काय सांगतात, उपनगरांतील रस्त्यांवर त्या चालवण्याचा अनुभव कसा आहे आणि लांब पल्ल्यासाठी बनलेल्या या गाडीला मुंबईभोवतीचे नवे रस्ते बंद का, याविषयी…

करात नेमका बदल काय?

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६व्या बैठकीत, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, दुचाकींवरील कराचे दोन टप्पे ठरले आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, ते लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापेक्षा मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर असा ३१ टक्क्यांचा बोजा होता. उपकर गेला, पण कर थेट ४० टक्के झाला. ही श्रेणी सरकारने चैनीच्या आणि आरोग्यास घातक वस्तूंसाठी ठेवली आहे. शीतपेये आणि मोठ्या मोटारींच्या रांगेत साडेसहाशे सीसीची मोटरसायकल जाऊन बसली, ती अशी.

साधा हिशेब केला तर ३५० सीसीपर्यंतच्या गाडीची शोरूममधील किंमत सुमारे पावणेआठ टक्क्यांनी खाली यायला हवी आणि त्यापुढच्या गाडीची सुमारे सात टक्क्यांनी वर जायला हवी. दोन लाखांच्या गाडीवर साधारण साडेपंधरा हजारांची बचत, तर चार लाखांच्या गाडीवर साधारण साडेसत्तावीस हजारांची भर. रॉयल एनफिल्डने आपल्या ३५० सीसी गाड्यांच्या किमती २२ हजार रुपयांपर्यंत कमी केल्याचे जाहीर केले आणि ४५० व ६५० सीसीच्या गाड्यांच्या किमती वाढवल्या. ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या बनवणाऱ्या बजाज ऑटोने मात्र वाढीव कराचा भार तूर्त स्वतःकडे घेतला. रेषेच्या किंचित पलीकडे असलेल्या गाडीची किंमत वाढली, तर ग्राहक अलीकडच्या गाडीकडे वळणार, हे त्यामागचे उघड कारण.

बैठकीपूर्वी आयशर मोटर्सचे सिद्धार्थ लाल यांनी सर्वच दुचाकींवर सरसकट १८ टक्के कर लावावा, अशी जाहीर मागणी केली होती. ३५० सीसीवरील गाड्यांचा देशाच्या दुचाकी बाजारातील वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. त्यातून सरकारच्या तिजोरीत फारशी भर पडणार नाही, पण मध्यम क्षमतेच्या मोटरसायकलींत भारतीय उत्पादकांनी जगात कमावलेले स्थान मात्र धोक्यात येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परिषदेने ती मागणी मान्य केली नाही.

३५०चाच आकडा का?

हा आकडा नवा नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाच ३५० सीसीच्या वर ३ टक्के उपकर लावण्यात आला होता. विमा क्षेत्रातही हीच रेषा आहे. तृतीय पक्ष विम्याच्या दरांत १५० ते ३५० सीसी हा एक गट आणि ३५०च्या वरचा दुसरा गट आहे. भारतात ‘मोठी मोटरसायकल’ म्हणजे बुलेट, आणि बुलेट म्हणजे साडेतीनशे, हे समीकरण लष्कराने १९५०च्या दशकात ही गाडी घेतली तेव्हापासूनचे. जुन्या बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे होते.

मात्र कराची रेषा एकदा आखली की अभियंते तिच्याकडे पाहूनच इंजिन बनवतात. रॉयल एनफिल्डच्या आजच्या ३५० सीसी इंजिनातील सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८५.८ मिलिमीटर आहे. गुणाकार ३४९.३ सीसी भरतो. होंडाची सीबी ३५० ही ३४८.३६ सीसीची, तर जावा-येझदीच्या बहुतेक गाड्या ३३४ सीसीच्या. चार मीटरच्या आत बसावी म्हणून मागून कापल्यासारखी दिसणारी मोटार जशी भारतात जन्मली, तसेच हे ३४९ सीसीचे इंजिन. फरक इतकाच, की मोटारीच्या बाबतीत ते डोळ्यांना दिसते, इथे दिसत नाही.

क्रूझर कशाला म्हणायचे?

अमेरिकेतील लांब, सरळ रस्त्यांवर हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या कंपन्यांच्या गाड्यांनी जो आकार रूढ केला, त्याला क्रूझर म्हणतात. आसन जमिनीपासून कमी उंचीवर. पाय ठेवण्याची जागा पुढे. हँडल रुंद आणि चालकाकडे वळलेले. पुढचा काटा अधिक तिरका, त्यामुळे दोन चाकांतील अंतर जास्त. याचा परिणाम असा, की सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहते, पण कमी वेगात वळवताना जड वाटते. इंजिनही त्याच स्वभावाचे असते. फार फेरे न घेता, कमी वेगातच भरपूर ओढ देणारे. वेगाची झिंग देणे हे क्रूझरचे काम नाही. तीन-चार तास न थकता एका लयीत चालत राहणे, हे तिचे काम.

भारतात हा आकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात प्रथम आणला तो पुण्याच्या बजाजने. कावासाकीच्या साथीने २००१ मध्ये आलेली एलिमिनेटर महाग ठरली, पण तिच्याच आराखड्यावर २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर आली आणि टिकली. पुढे १८० सीसीची २०० आणि २०१० मध्ये २२० सीसीची झाली. आज चाळिशीत असलेल्या उपनगरांतील अनेकांची पहिली ‘पाय पुढे सोडून चालवायची’ गाडी तीच होती. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० आणि जानेवारी २०२३ मध्ये सुपर मिटिऑर ६५० बाजारात आणली. होंडा रेबेल ५०० आणि कावासाकी एलिमिनेटर ५०० या गाड्याही आहेत, पण त्या पाच लाखांच्या पुढे जातात आणि आता ४० टक्क्यांच्या गटात आहेत.

आणि हार्ले? २००७ मध्ये भारत-अमेरिका व्यापार चर्चेत हापूसला अमेरिकेचे दार उघडले आणि त्याच वाटाघाटीत हार्लेला भारताचे, ही गोष्ट आंबा बागायतदारांनाही आठवत असेल. हरयाणातील बावल येथे जोडणी कारखाना उभा राहिला, २०१४ मध्ये ७५० सीसीची स्ट्रीट आली, तरीही खप अपेक्षेइतका झाला नाही आणि सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने इथले उत्पादन व विक्री आवरती घेतली. पुढच्याच महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार झाला आणि जुलै २०२३ मध्ये दोघांची एक्स ४४० आली. तेव्हाची शोरूममधील किंमत २ लाख २९ हजारांपासून. तिचे इंजिन ४४० सीसीचे असल्याने ३५०च्या रेषेचा फटका याही गाडीला आहे. मजेचा भाग असा, की फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात आयात मोटरसायकलींवरील सीमाशुल्क कमी करण्यात आले. १६०० सीसीपर्यंत ५०वरून ४० टक्के आणि त्यापुढे ५०वरून ३० टक्के. सहा-सात महिन्यांतच देशांतर्गत कर वाढला. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने घेतले, असे आयात गाड्यांच्या बाबतीत म्हणता येईल. भारतात बनणाऱ्या ६५० सीसीच्या गाडीला पहिल्या हाताने काही मिळालेच नव्हते.

तांत्रिक आकडे काय सांगतात?

अ‍ॅव्हेंजर २२० : सुमारे १९ अश्वशक्ती, वजन १६३ किलो, आसनाची उंची ७३७ मिलिमीटर, जमिनीपासून अंतर १६९ मिलिमीटर, टाकी १३ लिटर. मिटिऑर ३५० : २०.२ अश्वशक्ती, ओढ २७ न्यूटन मीटर, वजन १९१ किलो, आसन ७६५ मिलिमीटर, जमिनीपासून १७० मिलिमीटर, टाकी १५ लिटर. सुपर मिटिऑर ६५० : सुमारे ४६ अश्वशक्ती, ओढ ५२.३ न्यूटन मीटर, वजन २४१ किलो, आसन ७४० मिलिमीटर, जमिनीपासून १३५ मिलिमीटर, टाकी १५.७ लिटर.

या आकड्यांत अश्वशक्तीकडे सगळ्यांचे आधी लक्ष जाते. उपनगरांतील वापरात तिला फारसा अर्थ नाही. अधिक महत्त्वाची आहे ती ओढ आणि ती कोणत्या फेऱ्यांवर मिळते. मिटिऑर ३५०ची पूर्ण ओढ मिनिटाला ४००० फेऱ्यांवर मिळते, सुपर मिटिऑरची ५६५० फेऱ्यांवर. मात्र दोन सिलिंडरचे इंजिन असल्याने त्यातील बराच भाग खूप आधीच उपलब्ध होतो. पश्चिम द्रुतगती मार्गावर दिंडोशी ते कांदिवलीच्या रांगेत ३५० सीसीची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, गिअर न बदलता, चालवत राहता येते. तेवढेच हवे असेल तर ६५० ची गरज नाही. फरक कळतो तो वेगळ्या ठिकाणी. अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या पुढे, मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या असताना, ट्रकला मागे टाकायचे असते तेव्हा. तिथे वीस अश्वशक्ती थकलेली वाटते. ताशी ९० पर्यंत ३५०ची गाडी खुशीत असते, त्यापुढे तिला ओढावे लागते.

दुसरा आकडा जमिनीपासूनच्या अंतराचा. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी लागते. तसा गतिरोधक असेल तर कोणतीच गाडी घासणार नाही. पण गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकात, शाळेसमोर, नगरसेवकाच्या कार्यालयाजवळ रातोरात उभे राहणारे डांबराचे उंचवटे मानकाला विचारून बांधलेले नसतात. चाकांतील अंतर दीड मीटर, त्यात दोघे बसलेले. अशा वेळी चढण अरुंद आणि उभी असेल तर पोट घासतेच. तिरके जाणे हा त्यावरचा प्रचलित उपाय.

उपनगरांत चालवणाऱ्यांचा अनुभव काय?

या गाड्यांच्या मालकांच्या बोलण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली कमी उंचीच्या आसनाची. सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर किंवा मेट्रोच्या बॅरिकेडलगतच्या चिखलात थांबावे लागते तेव्हा याचे मोल कळते. महिला चालकांत ३५० सीसीच्या क्रूझरला पसंती मिळण्याचे हेही एक कारण आहे. उंच आसनाच्या बुलेटवर हा आत्मविश्वास येत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ही इंजिने हवा आणि तेलाने थंड होणारी आहेत. हवा वाहत असेल तर ठीक. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर किंवा साकीनाक्याला संध्याकाळी सात वाजता हवा वाहत नाही. मेच्या दुपारी ६५० सीसीचे दोन सिलिंडर पोटऱ्यांना शेक देतात. ३५० मध्ये ते सुसह्य असते. रोज अंधेरीला कार्यालयात जाण्यासाठी ६५० घेणाऱ्यांपैकी अनेक जण काही महिन्यांत पुन्हा स्कूटर किंवा लोकलकडे वळतात आणि मोठी गाडी रविवारपुरती उरते, ती यामुळेच.

तिसरी गोष्ट वजनाची. गाडी चालू असताना २४१ किलो जाणवत नाहीत, कारण ते खाली असतात. जाणवतात ते पार्किंगमध्ये. साधी स्कूटर १०५-११० किलोची असते. तिच्यासाठी आखलेल्या पट्ट्यात सव्वादोन मीटर लांबीची गाडी ढकलत मागे घेणे, तेही उतारावर, हे काम घाम काढणारे. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत दुचाकींची जागा बहुधा भिंतीलगतची, एकामागे एक लावायची असते. तिथे शेजाऱ्याची स्कूटर काढण्यासाठी रोज सकाळी ही गाडी हलवावी लागणार असेल, तर खरेदीपूर्वी हा विचार इंजिनाच्या आकड्यांआधी करावा लागतो.

चौथी, मागच्या चाकाच्या निलंबनाची. क्रूझरचे आसन खाली ठेवायचे म्हणजे मागच्या स्प्रिंगला हालचालीसाठी जागा कमी उरते. सुपर मिटिऑरमध्ये ती १०१ मिलिमीटर आहे. पाय पुढे असल्याने खड्डा आला की चालकाला उठून अंग सावरता येत नाही आणि धक्का थेट कंबरेत बसतो. काँक्रीट झालेल्या रस्त्यांवर ही तक्रार कमी झाली. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४च्या कामाशेजारून जाताना ती पूर्ववत होते. मागे बसणाऱ्याचे मत तर बहुतेक परीक्षणांत विचारलेच जात नाही. ते विचारले तर पाठटेकू न लावलेल्या क्रूझरला बरेच गुण कमी पडतील.

इंधनाबाबत साधारण अनुभव असा, की ३५० सीसीची गाडी लिटरला ३०-३५ किलोमीटर आणि ६५०ची २२-२५ किलोमीटर देते. शहरात खालचा आकडा धरावा. चाकांचाही प्रश्न आहे. मिश्रधातूच्या चाकांवर ट्यूबविरहित टायर असतात, पंक्चर झाले तरी गाडी जवळच्या दुकानापर्यंत जाते. आऱ्यांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. देखणेपणासाठी आरे घेणाऱ्याला कसारा घाटात पंक्चर झाल्यावर ही तफावत समजते.

सायलेन्सरबद्दलही बोलायला हवे. १७५ सीसीवरील मोटरसायकलींसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. कंपनीची मूळ नळी ती पाळते. बाजारातून बसवलेली बहुतेक वेळा नाही. वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडल्याची दृश्ये मुंबईकरांनी पाहिली आहेत. या गाड्यांविषयी सोसायटीत, रुग्णालयाजवळ, रात्रीच्या वेळी जी नाराजी असते, तिचे मूळ बहुतांशी या एका नळीत आहे. रस्त्यांवर प्रवेश मागणाऱ्यांची बाजू कमकुवत करण्याचे कामही तिनेच केले आहे.

रस्त्यावर येईपर्यंत खर्च किती?

अंधेरीची गाडी एमएच ०२, बोरिवलीची एमएच ४७, तर घाटकोपर आणि मुलुंडची वडाळ्याच्या परिवहन कार्यालयाखाली एमएच ०३. कराचे दर सर्वत्र सारखे. महाराष्ट्रात दुचाकीवरील एकरकमी कर इंजिनाच्या आकारानुसार १० ते १२ टक्के आहे आणि २९९ सीसीच्या वर तो १२ टक्के. म्हणजे मिटिऑर ३५० आणि सुपर मिटिऑर ६५० इथे एकाच टप्प्यात. किंमत दोन लाख धरली तर २४ हजार, चार लाख धरली तर ४८ हजार.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आणि ३५०च्या वर १५,११७ रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, नोंदणीशुल्क, बरे हेल्मेट, पावसाळी कपडे धरले तर दोन लाखांची गाडी अडीच लाखांकडे आणि चार लाखांची पावणेपाचच्या पुढे सरकते. त्या रकमेत जुनी, सुस्थितीतील छोटी मोटार मिळते. घरात हाच युक्तिवाद सर्वप्रथम केला जातो आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

महामार्गाची गाडी, पण महामार्ग कोणता?

इथे प्रश्न कराकडून रस्त्याकडे वळतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकींना बंदी. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर बंदी. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर बंदी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सुरुवातीपासून बंदी. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग, तोही दुचाकींना बंद. गेल्या पंचवीस वर्षांत मुंबईतून बाहेर पडण्यासाठी किंवा शहर ओलांडण्यासाठी जे प्रमुख जलद रस्ते झाले, त्यांतील हे पाचही रस्ते चाळीस टक्के कर भरलेल्या क्रूझरसाठी नाहीत. पन्नास हजारांच्या जुन्या स्कूटरसाठी नाहीत, तसेच.

प्रत्येक उपनगराला याची झळ सारखी नाही. अटल सेतू शिवडीहून सुरू होतो. घाटकोपर-मुलुंडच्या चालकाला पनवेलकडे जायला वाशी किंवा ऐरोलीचा पूल तसाही जवळचा. त्याला बोचते ती समृद्धीची बंदी, कारण आमणे मुलुंडहून फार लांब नाही आणि नाशिकला जायचे तर त्याच्या वाट्याला जुना महामार्ग आणि कसारा घाट येतो. आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून मोटारी निघून जातात. अंधेरीच्या चालकाला बोचतो सागरी सेतू आणि किनारा मार्ग. त्याला दक्षिण मुंबईत जाण्यासाठी माहीम, प्रभादेवी, वरळीचे सिग्नल मोजावे लागतात. बोरिवलीकर तुलनेने सुखी. दहिसर ओलांडले की घोडबंदर किंवा अहमदाबादचा रस्ता समोर असतो, आणि तो दुचाकींना खुला आहे. पुण्याला जाणाऱ्या सर्वांनाच खोपोलीमार्गे जुना रस्ता. तो क्रूझरवाल्यांना आवडतोही, पण शनिवारच्या सकाळी ट्रक, एसटी, मोटारी आणि दुचाकी यांच्या एकत्र गर्दीत तो द्रुतगती मार्गापेक्षा सुरक्षित आहे, असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

बंदीमागचे कारण टिकते का?

कारणे दिली जातात ती अशी. समुद्रावरील आडवा वारा, बोगद्यातील धोका, मोटारी आणि दुचाकी यांच्या वेगातील तफावत. शिवाय अपघातांचे आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ७४ हजार ८९७, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते. त्याच वर्षी हेल्मेट नसल्याने ५० हजारांहून अधिक जीव गेले. जे.जे. उड्डाणपुलावर २०१० मध्ये दुचाकींना बंदी आली तीही वळणांवरील जीवघेण्या अपघातांनंतरच. हे आकडे समोर असताना कोणताही अधिकारी बंदी उठवण्याच्या कागदावर सही करायला कचरेल, यात नवल नाही.

वेगातील तफावतीचा मुद्दा मात्र सर्व दुचाकींना सारखा लागू होत नाही. समृद्धीवर मोटारींची वेगमर्यादा १२० किलोमीटर आहे. ११० सीसीची स्कूटर तिथे ७०-८०ने जाणार असेल तर ती स्वतःसाठी आणि इतरांसाठीही धोका आहे. ४६ अश्वशक्तीची, दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी तशी नाही. इतर देशांनी हा भेद केला आहे. जपानमध्ये १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना द्रुतगती मार्गावर मज्जाव आहे, त्यापुढच्यांना नाही. तिथे मागे माणूस बसवण्यावरही बंदी होती, ती २००५ मध्ये चालकाचे वय आणि अनुभव यांच्या अटी घालून उठवली गेली. फिलिपिन्समध्ये ४०० सीसी ही रेषा आहे. भारतात ३५० सीसीची रेषा कर घेताना आहे, विम्याचा हप्ता घेताना आहे, रस्ता देताना मात्र नाही.

अंमलबजावणी कशी करणार, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी रास्त होता. आता द्रुतगती मार्गावरील कॅमेरे क्रमांकपट्टी वाचून वेगाचा दंड मोबाइलवर पाठवतात, आणि त्या क्रमांकावरून नोंदणीत गाडीचे सीसी दिसतात. त्यामुळे कोणती दुचाकी चालेल आणि कोणती नाही, हे ठरवणे यंत्रणेला अशक्य नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार विशिष्ट वर्गाच्या वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्याला आहे. तोच अधिकार वर्गवारी करण्यासाठीही वापरता येतो.

दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकींना पथकर नाही. नव्या रस्त्यांवर प्रवेश हवा तर पथकर भरण्याची तयारी हवी, आणि बहुतेक क्रूझर मालक ती दाखवतात. पण ‘मोठ्या गाडीला वाट, छोटीला नाही’ असा नियम झाला तर तो श्रीमंतांच्या बाजूचा ठरेल, हा आक्षेप राजकीयदृष्ट्या जड आहे. मुंबईत दुचाकी ही मुख्यतः पोटापाण्याचे वाहन आहे. तिच्यावर सामान पोचवणारा, कुरिअरवाला, विमा एजंट फिरतो. सागरी किनारा मार्गावरून अर्धा तास वाचवण्याची गरज रविवारच्या क्रूझरवाल्यापेक्षा त्याला अधिक. त्याला डावलून केवळ ६५० सीसीला वाट देणारा निर्णय लोकप्रिय होण्याची शक्यता कमीच. सागरी किनारा मार्ग आणि समृद्धी यांना एकच मोजमाप लावणे हेही बरोबर नाही. पहिल्यावर वेगमर्यादा ८० आहे आणि तो शहरातला रस्ता आहे. तिथे तफावतीचा मुद्दा जवळपास उरतच नाही. प्रवेशाचा विचार करायचाच तर सुरुवात तिथून, आणि सर्व दुचाकींपासून, व्हायला हवी. समृद्धीचा प्रश्न सीसीचा आहे.

ग्राहकांनी आणि कंपन्यांनी काय करावे?

कंपन्यांसाठी वाट स्पष्ट आहे. रेषेच्या आत जितके बसवता येईल तितके बसवायचे. २०२४-२५ मध्ये दहा लाखांहून अधिक गाड्या विकणाऱ्या रॉयल एनफिल्डचा मोठा खप ३५० सीसीचाच आहे आणि करकपातीने तो अधिक पक्का केला. सप्टेंबर २०२५ मध्ये मिटिऑर ३५०ला हलका क्लच आणि एलईडी दिवा मिळाला. क्लच हलका झाल्याचा फायदा दिंडोशीच्या रांगेत डाव्या हाताला लगेच कळतो. ४०० ते ४५० सीसीच्या गाड्यांची स्थिती मात्र अवघड आहे. शक्तीने त्या ६५०च्या बरोबरीच्या नाहीत, कराने मात्र तिच्या सोबत आहेत.

ग्राहकाला निवड करताना वर्षभरातील आपले किलोमीटर मोजावे लागतील. आठवड्याचे पाच दिवस कांदिवली ते अंधेरी आणि महिन्यातून एकदा वसई किंवा माळशेज, असा वापर असेल तर ३५० पुरेशी आहे आणि आता तिच्यावर कर सवलतही आहे. वर्षातून तीन-चार वेळा जोडीने गोवा, कोल्हापूर, हंपी होत असेल, तरच ६५०चे जादा दोन लाख वसूल होतात. चालवून पाहताना शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर नव्हे, तर संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास चालवावी, आणि मागे बसणाऱ्याला सोबत न्यावे.

तिसरा पर्याय जुन्या गाडीचा. करबदलाने हा बाजारही हलला आहे. नवी ३५० सीसीची गाडी पंधरा-वीस हजारांनी स्वस्त झाल्याने एक-दोन वर्षे वापरलेल्या गाडीची किंमत तेवढी खाली यायला हवी. विक्रेता जुन्या पावतीवर बोट ठेवून जास्त मागत असेल तर आजचा नवा दर त्याच्यापुढे ठेवावा. ६५०च्या बाबतीत उलटे. नवी महागल्याने जुनीला भाव आहे. कमी चाललेल्या सुपर मिटिऑर बाजारात येतात त्या बहुधा उष्णता, पार्किंग किंवा घरच्या नाराजीमुळे, इंजिनाच्या दोषामुळे क्वचितच. घेण्यापूर्वी गाडीखाली वाकून पोटाचा भाग पाहावा. गतिरोधकांचे ओरखडे तिथे असतात.